निसर्ग वादळानंतरचे तीन आठवडे: श्रीवर्धन पट्ट्यातल्या एका घराचं प्रकरण

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर, अलिबागच्या दक्षिणेला धडकलं. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड, खाली मंडणगड-दापोलीपर्यंतचा पट्टा झोडपून निघाला. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता, पण खरा जोर काही तासांचाच. अंधार पडेपर्यंत वादळ घाटाकडे सरकलंही होतं. वीज मात्र इथल्या कित्येक वाड्यांत त्यानंतर आठवडेच्या आठवडे आली नाही. इथे मांडलेलं घर श्रीवर्धन तालुक्यातलं, माझ्या चांगल्या ओळखीचं. नावं आणि गाव मुद्दाम देत नाही.

या घराने वादळाची तयारी केली होती, आणि बरीच नीट केली होती. तरीही त्यांचे पुढचे तीन आठवडे हालात गेले. हे हाल वाऱ्यामुळे कमी आणि विहिरीवर बसवलेल्या एका मोटरमुळे जास्त झाले, म्हणून हे प्रकरण लिहिण्याजोगं वाटलं.

घर आणि माणसं

चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. पुढे ओटी, मधे माजघर, मागे पत्र्याची पडवी. पडवीत न्हाणी आणि पावसाळ्याचा लाकूडफाटा. मागच्या वाडीत पोफळी, माड, थोडी जायफळं आणि पोफळींवर चढवलेल्या मिरवेली. वाडीच्या तोंडाशी विहीर, तिच्या शेजारी अवजारं ठेवायचा मांगर. गोठ्यात एक गाय. घरात सहा माणसं: आजी, काका-काकू, टाळेबंदीमुळे मुंबईहून गावी येऊन अडकलेले मुलगा-सून आणि तीन वर्षांचा नातू. काकांना मधुमेह, इन्सुलिन चालू.

दरवर्षी मे महिन्यात शाकारणी होते. फुटकी कौलं बदलायची, वासे-रिपा ठोकून बघायच्या, पडवीच्या पत्र्यांचे बोल्ट आवळायचे. त्या वर्षी टाळेबंदीत माणसंच मिळेनात, म्हणून शाकारणी राहिली. खाऱ्या हवेत लोखंडी बोल्टचं आयुष्य किती असतं ते किनाऱ्यावर राहणाऱ्याला सांगायला नको. एक वर्ष चुकलं आणि नेमकं तेच वर्ष नडलं.

आदल्या दिवशी

२ जूनला ग्रामपंचायतीची गाडी भोंगा लावून फिरून गेली. समुद्रालगतच्या घरांतली माणसं शाळेत हलवली. काकांचं म्हणणं, फयानला तरी काय झालं होतं? नोव्हेंबर २००९ मध्ये फयान याच किनाऱ्यावरून गेलं, तेव्हा या घराची चार कौलं सरकली होती. आपल्याकडे अडचण हीच आहे. बंगालच्या उपसागराच्या बाजूला माणसाच्या आयुष्यात पाच-सहा मोठी वादळं होऊन जातात, त्यामुळे तिथे अंगवळणी पडलेली सवय असते. कोकणात एखाद्या हलक्या वादळाची आठवण पुढच्या मोठ्या वादळाचं माप म्हणून वापरली जाते.

काकांचा विश्वास नसला तरी काकूंनी आपलं काम उरकलं. हंडे, कळश्या, तांब्याचं घंगाळ, न्हाणीतलं पिंप, सगळं काठोकाठ भरलं. मोबाइल आणि पॉवर बँक चार्ज केली. टीव्ही-फ्रिजचे प्लग काढायचे तेवढे सकाळी काढू म्हणाल्या. भिंतीवरच्या तसबिरी उतरवल्या. दोन वेळचं जेवण आधीच रांधून ठेवलं. मुलाने गॅसचा सिलिंडर बंद केला आणि गाईचं दावं सोडलं. ही शेवटची गोष्ट फार थोडे लोक करतात. गोठा पडला तर बांधलेलं जनावर त्याखालीच मरतं, मोकळं असलं तर स्वतःची वाट काढतं.

वारा

सकाळी दहापासून वारा वाढत गेला. बाराच्या सुमारास सगळे माजघरात आले. या खोलीला बाहेरची भिंत नाही, चारही बाजूंनी दुसऱ्या खोल्या आहेत. जुन्या घरात वादळाला बसायची जागा हीच.

मागच्या खोलीची खिडकी नीट बसत नव्हती, तिची कडी उडाली. वारा आत शिरला की तो छताला आतून वर ढकलतो, आणि छपरावरून जाणारा वारा त्याच वेळी वरून ओढतो. छप्पर दोन्हीकडून सैल होतं. पाच मिनिटांत मागच्या उतरणीची कौलं एकेक करून उडाली, आणि पाठोपाठ पडवीचे पत्रे बोल्टांसकट. एक पत्रा नंतर शेजाऱ्यांच्या वाडीत एका पोफळीला गुंडाळलेला सापडला. माणसाला लागला असता तर काय, हा विचार नको.

तीनच्या आसपास वारा पडल्यासारखा झाला. काका पत्रे बघायला उठले तेव्हा आजी म्हणाल्या, "खाली बस. वारा दम खातोय, गेला नाही अजून." वादळाचा मध्य जवळून जाताना असंच होतं. थोडी उसंत मिळते आणि मग वारा दिशा बदलून उठतो. पहिल्या वाऱ्याने हललेली झाडं या दुसऱ्या वाऱ्यात पडतात. अर्ध्या तासात मांगर बसला, त्यावर माड कोसळला होता. मांगरात कोयते, कुऱ्हाड, करवत आणि मुलाची मोटरसायकल होती.

इथपर्यंत कोणालाही खरचटलंही नव्हतं, म्हणजे वादळाची परीक्षा घर पास झालं होतं.

पाणी

भरून ठेवलेलं पाणी दुसऱ्या दिवशी दुपारीच तळाला गेलं. हिशोब साधा आहे. माणसाला पिण्याला आणि स्वयंपाकाला रोज चार-पाच लिटर लागतात. अंघोळ, भांडी, संडास धरून अगदी काटकसरीत पंधरा लिटर. सहा माणसांचे नव्वद. गाय उन्हाळ्यात चाळीस लिटरच्या पुढे पाणी पिते. म्हणजे रोजचे एकशे तीस लिटर, आणि साठवण होती दोनशेच्या आसपास. गाईचा हिशोब कोणीच धरला नव्हता.

विहिरीत मात्र पाणी होतं, वीस फुटांवर स्वच्छ दिसत होतं. ते काढता येत नव्हतं. मोटर बसल्यावर रहाट मोडून जळणात गेला होता. नातू चालायला लागला तेव्हा विहिरीवर लोखंडी जाळी बसवून वेल्डिंग करून घेतली होती. पाइप जाण्यापुरतं भोक ठेवलं होतं, त्यातून तांब्याही गेला नसता.

मुलाने हॅकसॉ ब्लेडने जाळीचे दोन गज कापले. ब्लेडला दांडा नव्हता, एका टोकाला फडकं गुंडाळून त्याने तासभर घासत काढला. दुसऱ्या टोकाला काकू गज हलू नये म्हणून पाय देऊन उभ्या होत्या. गज निघाले तेव्हा प्रश्न आला दोराचा. घरात होती ती कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी. दहा लिटरची बादली त्या दोरीने वीस फूट ओढून बघा, पाचव्या बादलीला तळहात सोलतात. तिसऱ्या दिवशी शेजारच्या आजोबांच्या माळ्यावर एक जुनी लोखंडी कप्पी सापडली. गंजलेली होती, खोबरेल घालून फिरवली. पडलेल्या पोफळीच्या खोडाचं आडवं लाकूड करून त्यावर ती टांगली, सुंभाचा दोर वळला, आणि मग ही विहीर आसपासच्या चार घरांची झाली. त्या घरांतही मोटरीच होत्या.

विहीर असलेलं घर पाण्यावाचून राहील असं कोणाच्या मनात येत नाही, म्हणून तयारीच्या कुठल्याच यादीत कप्पी नसते. कोकणात ती पहिल्या ओळीत हवी. ज्यांची विहीर नाही, नळ आहे, त्यांनीही बघून ठेवावं की नळाच्या टाकीत पाणी चढवणारा पंप विजेवरच चालतो.

पिण्याच्या पाण्याची गोष्ट वेगळी. वादळात पाला, कुजकं, छपरावरची घाण असं सगळं विहिरीत गेलं होतं. पहिले काही दिवस काकू पाणी गाळून उकळत होत्या. खळखळ उकळी आल्यावर एखादं मिनिट ठेवलं की पुरतं, जळण वाचवायचं तर तास-तास उकळत बसण्याची गरज नाही. नंतर आरोग्यसेवकाकडून ब्लीचिंग पावडर मिळाली. तिचं माप बहुतेक ठिकाणी मुठीने ठरतं, ते चूक. विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजा, त्याचा वर्ग करा, पाण्याच्या खोलीने गुणा, आलेल्या आकड्याला ७८५ ने गुणा. इतके लिटर पाणी विहिरीत आहे. व्यास ३ मीटर आणि पाणी ४ मीटर असेल तर साधारण २८ हजार लिटर. हजार लिटरला चांगल्या प्रतीची पावडर अडीच ग्रॅम, म्हणजे या विहिरीला सत्तर ग्रॅम. बादलीत कालवून चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी विहिरीत ओतून बादलीनेच ढवळायचं आणि निदान तासभर पाणी काढायचं नाही. रात्री टाकलेलं बरं. पाणी फारच गढूळ असेल तर मात्रा वाढवावी लागते, ती आरोग्यसेवकाला विचारूनच. उघड्या पिशवीतली जुनी पावडर निकामी झालेली असते, ती टाकून मनाचं समाधान तेवढं होतं.

वापरायचं पाणी पुढे पागोळ्यांनी दिलं. जूनच्या मध्याला मोसमी पाऊस स्थिरावला आणि घंगाळ, पिंप, अगदी नातवाचा टबसुद्धा पागोळीखाली गेला.

चूल, उजेड, फोन

धान्याची चिंता या घराला एक दिवसही पडली नाही. आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, बेगमी झाली होती: तांदूळ, कडधान्यं, कांद्याच्या माळा, सुकट, आमसुलं, मीठ. टाळेबंदीमुळे नेहमीपेक्षा जास्तच भरलेलं होतं. शहरात तयारीची सुरुवात बिस्किटांच्या पुड्यांपासून करावी लागते, कोकणातल्या घरात ती आज्यांनी कधीच करून ठेवलेली असते. वांधा झाला तो जळणाचा. लाकूडफाटा पत्र्याच्या पडवीत रचलेला होता, आणि पत्रे गेल्यावर तो तासाभरात चिंब झाला. गॅसचा एक सिलिंडर होता, तो काकूंनी फक्त पाणी उकळायला आणि नातवाच्या दुधाला राखला. बाकी ओल्या लाकडांचा धूर. आजींना खोकला लागला तो महिनाभर.

उजेडाला मेणबत्त्या होत्या, चौथ्या दिवशी संपल्या. रॉकेल घरात नव्हतंच. गॅसधारकांना रेशनवर ते मिळत नाही. माळ्यावरचा कंदील निघाला, पण त्यात घालायचं काय? शेवटी वाटीत खोबरेल आणि कापसाची वात. इन्व्हर्टर मुलाने आदल्याच वर्षी घेतला होता. त्याने पहिली रात्र काढली आणि मग तो कोपऱ्यात बसून राहिला. दोन-चार तास वीज जाणाऱ्या गावात इन्व्हर्टर चांगला, इथे बॅटरी भरायलाच वीज नव्हती. माझं मत विचाराल तर त्या पैशात दोन सौर कंदील आणि सेलवर चालणारा एक ट्रान्झिस्टर आला असता. जूनच्या ढगात सौर कंदील अर्धाच भरतो हे खरं, पण अर्धा कंदील रात्रीच्या जेवणाला पुरतो.

मोबाइलची रेंज वादळातच गेली होती. मुंबईत काकांचे दोन भाऊ होते. त्यांना या घरातलं कोणी जिवंत आहे की नाही हे पाचव्या दिवशी कळलं, तेही श्रीवर्धनला चालत गेलेल्या एका माणसाने दुसऱ्याच्या फोनवरून सांगितलं म्हणून. नंबर सगळे बंद पडलेल्या फोनमध्ये होते. काकूंना पाठ होता तो एकच, आणि तो जुना लँडलाइनचा. पुढे गावात एकाने जनरेटर आणला. पैसे देऊन फोन चार्ज करून मिळायला लागले, तासाच्या भाड्याने लोक टाक्या भरून घ्यायला लागले. या जनरेटरबद्दल दोन गोष्टी. तो उघड्यावरच चालवायचा. ओटीवर किंवा बंद पडवीत लावला तर त्याच्या धुरातला वायू वासही न येता माणूस मारतो. आणि घरातल्या सॉकेटमधून उलटी वीज घालून अख्ख्या घरातले दिवे लावायचा शहाणपणा करायचा नाही. ती वीज तारेतून बाहेर जाते आणि खांबावर चढलेल्या वायरमनला लागते.

औषधं

इन्सुलिन फ्रिजमध्ये होतं आणि फ्रिज बंद. काकूंनी बाटली प्लॅस्टिकच्या डबीत घालून ती ओल्या वाळूवर ठेवलेल्या माठात ठेवली. वापरात असलेली इन्सुलिनची बाटली ऊन आणि उष्णतेपासून दूर ठेवली तर साधारण चार आठवडे टिकते, फ्रिज बंद पडल्याबरोबर फेकून द्यायची नसते. साठा पंधरा दिवसांचा होता. रस्ता त्याआधी मोकळा झाला म्हणून निभावलं.

वादळानंतर गावात जखमी झाले ते बहुतेक कौलं चढवताना घसरून आणि पत्रा लागून. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत वाट नव्हती. पडलेल्या कौलांच्या ढिगात फुरशासारखे विषारी साप आणि विंचू असतात, तिथे उघड्या हाताने हात घालायचा नाही. लाल विंचवाच्या दंशावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ केल्यापासून माणसं वाचतात, पण त्यासाठी दवाखान्यात वेळेत पोचावं लागतं. गमबूट आणि जाड हातमोजे ही कोकणातल्या प्रथमोपचार पेटीतली पहिली वस्तू म्हणायला हरकत नाही. चिखलात काम करून ताप आला तर लेप्टोस्पायरोसिसची शंका धरून डॉक्टरांकडे जावं, अंगावर काढू नये.

कागद

सातबारा, पासबुकं, आधार कार्डं, घरपट्टीच्या पावत्या हे सगळं पत्र्याच्या ट्रंकेत होतं. ट्रंक मागच्या खोलीत, नेमकी उडालेल्या कौलांखाली. कागद ओटीवरच्या झोपाळ्यावर पसरून वाळवले. शाईच्या सह्या पसरल्या, पासबुकाची पानं चिकटली ती चिकटलीच.

पंचनामा झाला तेव्हा दुसरी गाठ पडली. मुलाने पहिल्याच दिवसापासून वाट मोकळी करायला पोफळी तोडून बाजूला ओढल्या होत्या, आणि फोन बंद असल्याने फोटो नव्हते. सातबाऱ्यावर काका, त्यांचे भाऊ, वारलेल्या चुलत्यांची मुलं अशी नऊ नावं. बाकीच्यांची संमतीपत्रं मुंबईहून यायला हवी होती, टाळेबंदीत ती येणार कशी? सरकारने बागायतीची मदत हेक्टरी ५० हजार केली होती, पण वाडी गुंठ्यांत मोजायची आणि मदत हेक्टरात, त्यातून वाटेकरी नऊ. आकडा किती झाला ते काका सांगत नाहीत, नुसते हसतात.

पुढच्या मे महिन्यात

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ कोकण किनाऱ्याला समांतर वर गेलं आणि १७ तारखेला गुजरातेत शिरलं. इशारा आला तेव्हा हे घर वेगळं होतं.

विहिरीवर जाळीला बिजागरीचं झाकण आणि कुलूप, वर कायमची कप्पी. किल्ली दाराच्या चौकटीवर, नातवाचा हात पोचणार नाही अशी. कोयता, कुऱ्हाड आणि दांड्यासकट करवत माजघरात. शाकारणी एप्रिललाच उरकली, गंजलेले बोल्ट बदलले, मागच्या खिडकीला आडवा अडसर आला. लाकूडफाट्याचा एक भारा माळ्यावर. कागद प्लॅस्टिकच्या झाकणाच्या डब्यात, झेरॉक्सचा एक संच मुंबईच्या भावाकडे. भिंतीवर खडूने लिहिलेले नंबर: दोन्ही भाऊ, वायरमन, जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७, रुग्णवाहिका १०८, आणि आपत्कालीन मदतीचा ११२. मुंबईकरांशी ठरलं की रेंज असेपर्यंत फोन न करता संदेश पाठवायचा, तो कमी ताकदीच्या रेंजमध्येही जातो. रेंज गेली तर तीन दिवस काळजी करायची नाही, चौथ्या दिवशी श्रीवर्धनच्या मामांकडे चौकशी करायची.

यातली निम्मी यादी काकूंनी एका युक्तीने काढली होती. मेच्या पहिल्या रविवारी सकाळी त्यांनी मेन स्विच पाडला आणि सोमवारी सकाळपर्यंत चढवू दिला नाही. मुलगा चिडला, काका बाहेर जाऊन बसले. पण दुपारपर्यंत कळलं की कप्पीचा दोर आखूड आहे, उन्हाळ्यात पाणी चार फूट खाली जातं. संध्याकाळी कळलं की ट्रान्झिस्टरच्या सेलना पाझर फुटलाय. रात्री कळलं की आजींना अंधारात संडासाची पायरी दिसत नाही. तयारी शिकणाऱ्याने दुसरं काही केलं नाही तरी हे करावं. खर्च शून्य आणि स्वतःच्या घराची यादी आपोआप तयार होते, बाजारात मिळणाऱ्या तीन दिवसांच्या पिशवीची नक्कल करावी लागत नाही. ती पिशवी लागते, पण घर सोडायची वेळ येणाऱ्याला: खाडीकाठच्या, दरडीखालच्या, समुद्रालगतच्या माणसाला. यांचं घर उंचावर आहे. यांना घरातच राहून दिवस काढायचे असतात.

तौक्तेच्या वेळी वीज चार दिवस नव्हती. काकूंच्या शब्दांत, "पाहुणे आल्यासारखी धावपळ झाली, एवढंच."

एक गोष्ट तेवढी अजून झालेली नाही. निसर्गच्या वाऱ्यात मुळापासून हललेला एक माड स्वयंपाकघरावर कललेला आहे. तो काढायला हवा हे सगळ्यांना मान्य आहे. पण माड सामायिक सातबाऱ्यातला, आणि धाकट्या भावाचं म्हणणं की तो वडिलांच्या हातचा. काकांनी तूर्त त्याला दोन बाजूंनी तारेचे ताण दिले आहेत आणि जूनमध्ये काकू चूल ओटीशेजारच्या खोलीत मांडतात.